शेवटच्या अक्षरापर्यंत

डबिंगच्या स्टुडिओत सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं असेल, तर ‘एंड पडतोय’. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट ते इतक्या सवयीने म्हणतो की नवीन माणसाला वाटतं, आपला आवाज कमी पडला. तो पुढच्या टेकला मोठ्याने बोलतो आणि रेकॉर्डिस्ट पुन्हा तेच म्हणतो. वाक्य जोरात सुरू होतं, मध्यावर ठीक चालतं आणि शेवटचे दोन शब्द घशात मुरतात, अशी ती तक्रार असते. मराठीत हे फार होतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘मी उद्या सकाळी तुझ्या घरी’ इथपर्यंत ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागलेलं नसतं. येणार आहे, येणार नाही, आले असते, हे सगळं त्यानंतर ठरतं. वाक्याचा अर्थ जिथे ठेवलेला, नेमकी तिथे बोलणाऱ्याची हवा संपलेली.

मी शिरगावची. पालघर स्टेशनवरून समुद्राकडे निघालं की सहा-सात किलोमीटरवर आमचं गाव. उत्तरेला सातपाटी, दक्षिणेला माहीम आणि पुढे केळवे. घरात वाडवळी, बंदराकडच्या शेजाऱ्यांच्या तोंडी मांगेली, पालघरच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांची वारली, आणि दोन स्टेशनं पुढे बोईसरला उतरलं की भोजपुरीपासून ओडियापर्यंत सगळं. एवढ्या बोलींच्या मधोमध वाढलेलं माणूस आवाजाच्या कामाकडे वळलं तर त्यात नवल वाटू नये. आधी आकाशवाणीवर हंगामी निवेदक, मग अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये डबिंग, मग श्राव्य पुस्तकं, आणि आता तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी सूचनांचं ध्वनिमुद्रण, असा माझा प्रवास झाला. या सगळ्या कामांत लोकांनी माझ्या आवाजाबद्दल चांगलं बोलून मला आनंद दिला. पण पोटापाण्याला उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी: कुठल्या गतीने बोलायचं आणि प्रत्येक अक्षर कसं पोचवायचं. या दोन गोष्टी वेगळ्या शिकवल्या जातात. माझ्या अनुभवात ती एकच गोष्ट आहे.

उत्तर कोकणातल्या बऱ्याच बोलींत ‘ळ’ आणि ‘ण’ फारसे येत नाहीत. ‘ल’ आणि ‘न’ यांच्यावर काम भागतं, आणि घरात, वाडीत, बंदरावर त्याने कुणाचंही अडत नाही. आकाशवाणीच्या आवाज चाचणीची तयारी करायला बसले तेव्हा ते अडलं. पालघरला एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी रामरक्षा म्हणायला सांगितली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच उपाय सांगतात आणि त्यात तथ्य आहे. जोडाक्षरांवरचे आघात, ‘ष’ आणि ‘श’, विसर्ग, महाप्राण या सगळ्याला जीभ सरावते. पण रामरक्षेची एक चाल कानात बसलेली असते. रोज त्या चालीत म्हटलं की गद्य वाचतानाही आवाज तसाच झुलायला लागतो, प्रत्येक ओळ सारख्याच लांबीची आणि शेवट खाली उतरलेला. म्हणून मी ती चाल मोडून, बातमी वाचावी तशी सपाट म्हणायला लागले. सर आधी नाराज झाले. मग त्यांनी स्वतःच एकदा समोर बसून तशी ऐकली आणि मान डोलावली.

‘ळ’ चं यंत्र साधं आहे. जिभेचं टोक मागे वळतं, टाळूच्या कडक भागाला हलकं आपटतं आणि सुटतं. हळू बोलताना ते मला लवकर जमलं. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘काला’ आणि ‘काळा’, ‘मन’ आणि ‘मण’ अशा जोड्या घेऊन आरशासमोर बसलं की दोन्ही स्वच्छ निघायचे. परिच्छेद वाचायला घेतला की मात्र गती वाढायची आणि जीभ आपल्या जुन्या जागी परत जायची. तिथे मला पहिल्यांदा कळलं की उच्चार आणि गती यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. ज्या गतीला माझा ‘ळ’ मोडत होता ती माझी त्या दिवसाची मर्यादा होती. तीच मर्यादा थोडी थोडी पुढे ढकलायची, म्हणजे एकच परिच्छेद घड्याळ लावून वाचायचा, ध्वनिमुद्रण ऐकायचं, पहिला मोडलेला ‘ळ’ सापडला की तिथली गती लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जरा अलीकडून सुरुवात करायची. जिभेला वळण देणाऱ्या, अडखळायला लावणाऱ्या वाक्यांच्या पाठांतरावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. त्यांनी वेग येतो, पण तो त्या एका वाक्यापुरता असतो.

‘च’ आणि ‘ज’ यांची गोष्ट उलटी आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ वेगळे, हे मराठी घरात वाढलेल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण मुंबईत डबिंगला येणारी कितीतरी मुलं इंग्रजी माध्यमातून शिकलेली आणि हिंदीत काम करून मराठीत आलेली असतात. ती ‘चांगला’ मधला ‘च’ हिंदीसारखा तालव्य काढतात. आवाज उत्तम, भाव उत्तम, आणि एका अक्षरावर पात्र परकं होऊन जातं. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, त्याला फक्त कळतं की हे माणूस आपल्यातलं नाही. अशा मुलांना मी सांगते की आजीशी फोनवर बोला आणि तिची परवानगी घेऊन ते ध्वनिमुद्रित करा. जिची मराठी कुठल्याही पडद्यावरून आलेली नाही अशा माणसाचा ‘च’ ऐका.

शब्दाच्या टोकाला असलेल्या महाप्राणाकडेही फार कमी लोक लक्ष देतात. ‘दूध’ चं ‘दूद’, ‘वाघ’ चं ‘वाग’, ‘पाठ’ चं ‘पाट’ होतं. समोरासमोर बोलताना चेहरा आणि संदर्भ भरपाई करतात. माइकपुढे चेहरा नसतो. आणि ‘केलं’, ‘झालं’ यांच्या शेवटचा तो लांबवलेला ‘अ’ कापला गेला की वाक्य अर्धवट तुटल्यासारखं ऐकू येतं. बोलीत लिहिलेल्या आजच्या मराठीत अर्धीअधिक वाक्यं अशा शब्दांवर संपतात. तेव्हा एंड पडतो म्हणजे बहुतेक वेळा हाच स्वर पडतो.

आमच्या भागात पानवेलीच्या वाड्या आहेत. वडील पाणी सोडायचे तेव्हा पाटाच्या तोंडाशी उभे न राहता ओळीच्या शेवटी जाऊन बसायचे. पाणी शेवटच्या वेलाशी आलं की तिथून हाक मारायचे. वाक्याच्या श्वासाकडे मी तसं बघायला लागले. शेवटचा शब्द आधी डोळ्यांनी गाठायचा, तिथपर्यंत किती हवा लागेल याचा अंदाज घ्यायचा, मग पहिला शब्द उच्चारायचा. हा अंदाज येण्यासाठी मजकूर डोळ्यांनी पुढे वाचत राहावा लागतो, तोंड मागून येतं. कागदावर मी पेन्सिलीने एक तिरकी रेघ छोट्या थांब्यासाठी आणि दोन रेघा श्वासासाठी मारते. लेखकाचे स्वल्पविराम डोळ्यांसाठी असतात, त्यांतले निम्मे मी खोडते. आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ देत नाही, उरलेलं हाताने खाली लिहून घेते.

जागा बदलली की गती बदलते, हे मला शिरगावच्या किल्ल्याने शिकवलं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून हा सगळा किनारा घेतला, त्यात हा छोटा किल्लाही होता. फांद्या फुटलेला रावणताड बघायला लोक येतात, इतर वेळी तिथे शांतता असते. मी सरावाला आधी समुद्रावर जायची. सुरूच्या झाडांतून येणारा वारा आणि लाटा यांच्यावर आवाज चढवताना फक्त ओरडण्याचा सराव होतो, हे लक्षात आल्यावर किल्ल्यात जायला लागले. दरवाज्याच्या कमानीखाली उभं राहून बोललं की आवाज दगडावरून परत येतो. घाईने बोललं तर परत आलेला शब्द पुढच्या शब्दावर चढतो आणि दोन्ही फुकट जातात. परत येणाऱ्या आवाजाला वाट देऊन पुढचा शब्द सोडायचा, एवढंच मी तिथे शिकले. पुढे कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे कामाला आलं.

ज्यांच्याकडून खरं शिकले ती माणसं मला आधी रेडिओवर भेटली. मुंबईत १९२७ साली प्रसारण सुरू झालं आणि त्यातून मराठीला बोलण्याचं एक मोठं विद्यालयच मिळालं. ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका माझ्या आईच्या पिढीने कामं थांबवून ऐकली. बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. जुनी ध्वनिमुद्रणं मिळतील तेव्हा मी ती हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकते. दिसत काहीच नाही, तरी तिघं एका घरात आहेत हे ठाम कळतं. मी बराच काळ ते आवाजांच्या जातीत शोधत होते. ते होतं उत्तर किती लवकर येतं त्यात. नवराबायको, म्हणजे पंत आणि वहिनी, एकमेकांचं वाक्य पुरतं संपायची वाट बघत नाहीत, कारण शेवट दोघांनाही ठाऊक असतो. बाहेरून आलेल्या माणसाशी बोलताना मध्ये एक निमिष जातं. दोन वाक्यांच्या मधल्या त्या फटीत नातं ऐकू येतं. आजही दोन कलाकारांना वेगवेगळ्या दिवशी बोलावून त्यांचे संवाद वेगवेगळे ध्वनिमुद्रित करतात तेव्हा सगळ्यात आधी ही फट मरते. सगळी उत्तरं सारख्या अंतराने येतात आणि घरातली माणसं मुलाखतीला बसल्यासारखी वाटतात. म्हणून एकटीने डबिंग करतानाही समोरच्या पात्राचं मराठी वाक्य मी मनात बोलते, आणि ते जिथे मला पुरेसं कळलं तिथे माझं सुरू करते.

प्रदीप भिडे यांच्या दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकत आमची पिढी मोठी झाली. ते २०२२ साली गेले. त्यांच्या वाचनात घाई कधी ऐकू आली नाही आणि बातम्या वेळेत संपल्या. मी जुने तुकडे लावून बघितले. बातमीतला ओळखीचा भाग ते चपळाईने पार करतात, आणि माणसाचं नाव, गावाचं नाव, आकडा आला की जागा देतात. म्हणजे सरासरी गती हा आकडाच फसवा आहे. मिनिटाला इतके शब्द, असं जे इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सांगतात ते मराठीला तसंच्या तसं लावू नये. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘घरासमोरच्यांनाही’ हा एक शब्द मोजला जातो आणि तो उच्चारायला तीन शब्दांची हवा लागते.

हरीश भिमानी यांचा ‘महाभारत’ मधला ‘समय’ १९८८ पासून इतक्या कानांत बसला आहे की आवाज चाचणीला आलेली निम्मी मुलं नकळत तसंच बोलतात. संथ आणि भारदस्त. त्या भूमिकेला ती गती शोभली, कारण बोलणारा काळ होता, त्याला कुठे पोचायची घाई नव्हती. बँकेची जाहिरात किंवा किशोरवयीन मुलाची गोष्ट त्या गतीत वाचली की ऐकणारा निघून जातो. दुसरीकडे शरद केळकर. लहानपणापासून बोलताना अडखळायचो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, आणि ‘बाहुबली’ च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज त्यांचा आहे. पालघरला एका मुलाला अडखळण्यामुळे या कामाकडे वळायची भीती वाटत होती. त्याला मी ते चित्रपट पुन्हा, पडदा न बघता, ऐकायला सांगितले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, आणि त्यांनी ‘वाचिक अभिनय’ या नावाचं पुस्तक लिहिलं आहे. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

डबिंगमध्ये तर गती आपली नसतेच. ती पडद्यावरच्या नटाची असते. तो जिथे श्वास घेतो तिथेच आपल्याला घ्यावा लागतो, त्याचे ओठ मिटतात तिथे आपल्या वाक्यात प, फ, ब, भ, म यांतलं काहीतरी यावं लागतं. लांबून घेतलेल्या दृश्यात थोडं निभावतं, चेहरा जवळ आला की नाही. नट बोलून ओठ मिटतो आणि मराठी वाक्य ‘आहे’ वर संपत असेल तर मिटलेल्या तोंडातून ‘हे’ बाहेर येतं. तिथे भाषांतर करणाऱ्याने आधीच ‘थांब’ किंवा ‘काम’ असा शब्द शेवटी आणून ठेवलेला असला तर त्याचे पाय धरावेसे वाटतात. दक्षिणेतले चित्रपट मराठीत येऊ लागले तशी ही अडचण वाढली. मूळ नट वेगाने बोलतो, मराठी वाक्य त्याच्यापेक्षा लांब होतं, आणि वेळ तेवढाच. नवे कलाकार तेव्हा सगळं वाक्य दामटतात. मी उलट करते. वाक्यातला जो एक शब्द प्रेक्षकाला कळलाच पाहिजे तो नेहमीच्या गतीने म्हणते आणि बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट बांधते. अख्खं वाक्य पळवलं तर काहीच पोचत नाही.

एकदा एका चित्रपटात मासळी विकणारीची भूमिका आली. दिग्दर्शकांना ‘कोळी टच’ हवा होता, म्हणजे गाण्यांतून आणि सिनेमांतून ठरून गेलेला तो ठसका. मी त्यांना विनंती केली की एक टेक माझ्या पद्धतीने घेऊ द्या. आमच्या गल्लीत टोपली घेऊन येणारी मावशी ओरडत नाही. तिच्या हाकेत माशाचं नाव लवकर येऊन जातं आणि शेवटचा स्वर ती लांब सोडते, तो वाडीच्या पार आतल्या घरापर्यंत जातो. तिचा एंड कधी पडत नाही. पडला तर मासळी विकली जाणार नाही. तो टेक राहिला, आणि मला स्टुडिओत जे शिकायला इतका वेळ लागला ते माझ्या दारावरून रोज सकाळी जात होतं हेही कळलं. ‘ळ’ आणि ‘ण’ बाहेरून आणावे लागले, पण गतीचं शिक्षण बोलीतच होतं. बोली पुसून प्रमाणभाषा बोलायला शिका, असं सांगणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. दोन्ही जिभेवर असू द्याव्यात.

स्टोरीटेल हे ॲप २०१७ साली भारतात आलं, मराठीही सोबत होती, आणि श्राव्य पुस्तकांचं काम वाढलं. हे काम मला सगळ्यांत जास्त आवडतं आणि सगळ्यांत जास्त दमवतं. डबिंगमध्ये एका वेळी दोन वाक्यांचा तुकडा, म्हणजे लूप, असतो, इथे तासन्‌तास एकच माणूस कानाशी बोलत असतो. आज सकाळी वाचलेलं प्रकरण आणि चार दिवसांनी संध्याकाळी वाचलेलं प्रकरण एकाच गतीचं वाटायला हवं. मी रोज बसायच्या आधी कालचा शेवटचा परिच्छेद ऐकते आणि त्याच्याबरोबर मोठ्याने वाचते, मग नवं सुरू करते. आणि आता ऐकणारे गती स्वतः वाढवतात, सव्वापट, दीडपट. पहिल्यांदा समजलं तेव्हा वाईट वाटलं. मग स्वतःचंच वाचन दीडपट लावून ऐकलं. जिथे शेवटचे स्वर नीट बंद झाले होते तिथलं सगळं कळत होतं, जिथे मी दमून सैल झाले होते तिथली वाक्यं एकमेकांत शिरत होती. तेव्हापासून काम देण्याआधी एक पान मी दीडपट गतीने तपासते.

हे काम मी घरीच करते. कपड्यांच्या कपाटाची खोली, भिंतींना गोधड्या, आणि ऐंशी हर्ट्झखालचं सगळं कापणारी गाळणी, कारण समुद्राची खोल घरघर माइकला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येते. पावसाळ्यात पत्रा वाजायला लागला की काम बंद. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कोमट पाणी, थोडं हिरवं सफरचंद, आणि घोलवडचा चिकू कितीही गोड असला तरी काम संपल्यावर. चिकटलेल्या तोंडाचे बारीक आवाज नंतर काढत बसावं लागतं.

तारापूरच्या कारखान्यांचं काम मात्र मी निवडलं नव्हतं, ते शेजारच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याकडून आलं. त्यांना आपत्कालीन सूचना मराठीत आणि हिंदीत हव्या होत्या. त्यांनी दिलेला मजकूर सरकारी वळणाचा होता: ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर न करता जिन्याने बाहेर पडावे.’ मी तो नेहमीसारखा नीट वाचला. मग आम्ही तो शेडमध्ये भोंग्यावर लावून ऐकला. भोंगा खालचे स्वर खातो, वरचा सूक्ष्म आवाजही खातो, आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांची धार त्या वरच्या भागातच असते. त्यात यंत्रांची घरघर आणि पत्र्यावरून परत येणारा प्रतिध्वनी. दूरच्या कोपऱ्यात उभं राहून जे ऐकू आलं ते असं: लिफ्टचा वापर, मग काहीतरी, मग बाहेर. ‘न करता’ हा तीन-चार अक्षरांचा तुकडा, ज्यावर माणसाचा जीव अवलंबून, तोच बुडाला होता.

कितीही स्पष्ट उच्चारलं असतं तरी ते बुडालंच असतं. वाक्यच त्या जागेसाठी लिहिलेलं नव्हतं. आम्ही दोघं तिथेच बसून ते बदललं. ‘बाहेर पडा. जिन्याने जा. लिफ्ट बंद आहे.’ क्रियापद लवकर येतं. नकार नाहीच. प्रत्येक वाक्यानंतर प्रतिध्वनी मरेपर्यंतची जागा. ऐकणाऱ्यांत बरेच कंत्राटी कामगार, मराठी नुकती कानावर पडू लागलेली. त्यांना ‘बाहेर’ हा शब्द दोन्ही भाषांत जवळचा. त्या दिवसापासून मी आवाजाच्या कामाला लिहिण्याच्या कामापासून वेगळं मानणं सोडलं. वाईट वाक्य चांगल्या उच्चाराने सुधारत नाही.

याचा सगळ्यांत जास्त कस लागला २०२० च्या जूनमध्ये. टाळेबंदी होती, आमच्यासारख्यांसाठी लोकल बंद, स्टुडिओ बंद. निसर्ग चक्रीवादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या मध्ये कुठेतरी धडकेल असा सुरुवातीचा अंदाज होता, म्हणजे आमचा सगळा किनारा त्या पट्ट्यात. किनाऱ्यालगतच्या घरांतल्या लोकांना हलवायचं होतं. गावातून भोंगा लावलेली रिक्षा फिरणार होती आणि माझ्याकडे निरोप आला की आवाज तू दे.

मजकूर पानभर होता. मी रिक्षावाल्या दादांना विचारलं, किती वेगाने जाशील? वारा सुटलाय, हळू जाता येणार नाही, असं ते म्हणाले. मग हिशेब केला. रिक्षा ज्या गतीने एका घरासमोरून जाते, भोंगा वाऱ्यात जेवढ्या अंतरावर नीट कळतो, त्यातून एका घराला पंधरा-वीस सेकंद मिळतात. तेवढ्यात निरोप पूर्ण झाला पाहिजे, आणि तो कुठूनही ऐकायला सुरुवात झाली तरी कळला पाहिजे, कारण रिक्षा दारात येते तेव्हा ध्वनिमुद्रण कुठल्या शब्दावर असेल ते कुणाच्याच हातात नाही. पानभर मजकुरातून चार वाक्यं उरली. वादळ येतंय. आज रात्रीच शाळेत जा. म्हाताऱ्यांना आधी न्या. बोटी वर ओढून बांधा. तीच चार वाक्यं फिरून फिरून, मध्ये सारखी जागा. एक फेरी प्रमाण मराठीत आणि एक आमच्या बोलीत. बोलीतली मी एका टेकमध्ये केली. तिथे मला एकही खूण करावी लागली नाही.

३ जूनला वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि आमचा भाग त्या मानाने वाचला. पुढच्या आठवड्यात बंदरावरच्या एक आजी भेटल्या. रिक्षा त्यांच्या घरापासून लांब, वरच्या रस्त्याने गेली होती. त्यांना चारातली दोनच वाक्यं ऐकू आली, म्हाताऱ्यांची आणि शाळेची, पण ती पूर्ण ऐकू आली. त्या म्हणाल्या, त्यावरून कळलं काय करायचं ते. माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. कुठल्या शब्दापासून ऐकू आलं, कुठे तुटलं, वारा कुठून होता, असं मी त्यांना खोदून खोदून विचारलं आणि घरी येऊन लिहून ठेवलं.

हल्ली संगणकाने तयार केलेले आवाजही या सूचनांसाठी वापरले जातात आणि ते स्वस्त पडतात. उच्चार त्यांचे दिवसेंदिवस सुधारत आहेत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. त्यांचा थांबा मात्र मजकुरावरून ठरतो, ऐकणारा कुठे उभा आहे ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं काम, आवाज कुणाचाही असो, कुणीतरी करायला हवं. पालघरला सुट्टीत मी काही मुलामुलींना शिकवते तेव्हा पहिला आठवडा माइकला हात लावू देत नाही. स्टेशनवर, बाजारात, उमरोळीच्या फाटकापाशी उभं राहून लोक एकमेकांना काय ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारतात ते टिपून आणायला सांगते. ‘काय म्हणालास?’ ज्या शब्दानंतर येतं तो शब्द वहीत. मुलांच्या वह्या उघडल्या की त्यांत क्रियापदं आणि आकडे भरलेले असतात.

सध्या माझ्या टेबलावर बोईसरच्या एका कारखान्याची वायुगळतीची सूचना आहे. चाळीस सेकंदांचा मजकूर आहे आणि भोंग्यावर तीस सेकंदांची जागा. जरा वेगाने वाचा, असं त्यांनी सुचवलं आहे. मी उत्तर लिहिलं आहे की वेगाने वाचणार नाही. वाऱ्याच्या विरुद्ध कुठल्या बाजूला जायचं आणि कुठे जमायचं ही दोन वाक्यं पहिली घ्या. उरलेल्यांपैकी कुठली दोन काढायची ते तुम्ही ठरवा, पण दोन निघालीच पाहिजेत, आणि ध्वनिमुद्रणाआधी मला एकदा यंत्रं चालू असताना शेडमध्ये उभं राहू द्या.